काइटसर्फिंग शिकायचंय? आचऱ्याच्या वाळूपासून रामेश्वरच्या बेटापर्यंत, पायरी पायरीने

गेले दोन हंगाम मी मालवणजवळच्या आचऱ्याच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग करतोय, म्हणजे मोठी काइट वाऱ्यावर उडवून तिच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकतोय. बघायला येणारी पोरं पहिला प्रश्न विचारतात तो "काइट कुठून घेतलीस?" हा. मीसुद्धा तिथूनच सुरुवात केली होती. एका मित्राकडून बारा चौरस मीटरची काइट मागून आणली, एप्रिलमधल्या एका दुपारी दोघांनी मिळून दोऱ्या जोडल्या आणि उडवली. शिकवणारं कुणी नव्हतं. काइट वर गेली, एका अंगाला कलली आणि मला ओढत थेट सुरूच्या झाडांकडे घेऊन गेली. गुडघ्याची कातडी सोलली, खांदा तीन आठवडे धरून बसला. हातातला बार (काइटच्या दोऱ्या जोडलेला दांडा) सोडला असता तर काइट तिथल्या तिथे ढिली पडली असती, हे मला चार महिन्यांनी तामिळनाडूतल्या रामेश्वरला शिकवणीच्या पहिल्या तासाला कळलं. मी मात्र घाबरून तो आणखी जोरात आवळला होता. घाबरलेला माणूस जे हातात असेल ते घट्टच धरतो. या खेळात आधी हात सोडायला शिकायचं असतं, फळीवर उभं राहणं फार नंतर येतं.

खाली लिहिलंय ते कोकणात राहणाऱ्या, समुद्र माहीत असलेल्या पण काइट कधी हातात न धरलेल्या माणसासाठी आहे. क्रम बदलू नका.

१. काइट घेण्याआधी वारा ओळखा

आपल्याकडे दिवसातून दोनदा वारा फिरतो, हे कोळ्याच्या घरातल्या पोराला वेगळं सांगायला नको. रात्री जमीन थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. दिवस वर आला, जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा आत येतो. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत हा खारा वारा साधारण वायव्येकडून येतो, दुपारी बाराएकला जागा होतो, तीन ते पाचच्या दरम्यान भरात असतो आणि दिवस बुडता बुडता मरतो.

आपला किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे. त्यामुळे वायव्येचा वारा किनाऱ्यावर तिरपा येतो, आणि नवशिक्याला असाच वारा हवा असतो. काही बिघडलं तर तो तुम्हाला हळूहळू वाळूवर आणून सोडतो. सरळ समुद्राकडून येणारा वारा तुम्हाला पाण्यात शिरूच देत नाही, सारखा काठावर आपटतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा सगळ्यांत वाईट, कारण तो आत नेतो.

आमच्या वाडीतले एक रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारे) आजोबा मला पहिल्या वर्षी म्हणाले होते, "झिला, खारो वारो घराक हाडता, मतलय दर्यात व्हरता." (खारा वारा घरी आणतो, मतलई समुद्रात नेतो.) शिकवणीतला वाऱ्याच्या दिशेचा सगळा धडा या एका वाक्यात आला. सकाळी पाणी काचेसारखं सपाट दिसतं, वाराही अंगाला गोड लागतो, आणि म्हणूनच बाहेरून आलेली माणसं सकाळी काइट काढायचा हट्ट धरतात. सकाळी काइट बॅगेतच ठेवा.

वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ कि.मी. शिकणाऱ्याला १२ ते १८ नॉट पुरे, म्हणजे ताशी साधारण २२ ते ३३ कि.मी. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, हे डोक्यात पक्कं बसवा. १० नॉटला बिनधास्त वाटणारी काइट २० नॉटला तोच माणूस सांभाळू शकत नाही.

मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज दाखवणारी ॲप्स आहेत, ती बघाच. पण महिनाभर रोज दुपारी किनाऱ्यावर जाऊन स्वतःच्या वहीतही लिहा: किती वाजता वारा आला, कुठून आला, पाण्यावर पांढरा फेस कधी फुटायला लागला, सुरूचा आवाज कधी बदलला, वाळू घोट्याला कधी टोचायला लागली. लाटांच्या माथ्यावर जिकडेतिकडे फेस दिसायला लागला की वारा साधारण ११ ते १६ नॉटचा आहे असं समजा. महिनाभराने ॲप कुठे चुकतं ते तुम्हालाच कळेल. खाडीच्या तोंडाशी आणि डोंगराच्या आडोशाला ते बऱ्याचदा चुकतं.

२. तिथीवरून भरती काढायला शिका

ही विद्या आपल्या घरातली आहे, फक्त ती नव्या कामाला लावायची. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा, पण तोंडी हिशेब यायलाच हवा.

आता हे दुपारच्या वाऱ्याशी जोडून बघा. चतुर्थीला ऐन वाऱ्याच्या वेळी पाणी वरपर्यंत चढलेलं असतं, वाळूचा पट्टा अरुंद होतो आणि काइट उडवायला-उतरवायला जागा उरत नाही. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी वाळू ऐसपैस मिळते, पण उधाणाची ओहोटी दुपारी एक ते चारच्या सुमाराला सगळ्यांत जोरात बाहेर ओढत असते. त्या दिवशी खाडीच्या तोंडाजवळ जाऊच नका. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी बघितलेल्याला मी काय म्हणतोय ते कळेल. अष्टमीच्या मागेपुढे भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी, आणि दुपारभर पाणी हळूहळू चढत असतं. सरावाचे पहिले दिवस त्या आठवड्यात धरा.

३. वाळूवर छोटी काइट उडवा

दोन-तीन चौरस मीटरची शिकाऊ काइट मिळते. हवा भरावी लागत नाही, बारला दोन किंवा तीन दोऱ्या असतात. मोठं सामान घेण्याआधी खर्च करायचाच असेल तर फक्त हिच्यावर करा. लहानपणी वावडी उडवलेल्यांचा हात लवकर बसतो, पण वावडीची एक सवय मोडावी लागते. वावडीला ढील देतो किंवा दोरी खेचतो, इथे दोरीची लांबी तीच राहते. डावा हात ओढला की काइट डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि समोर अर्ध्या घुमटासारखी जागा आहे असं समजा. बरोबर डोक्यावर बारा वाजले. डावीकडे जमिनीलगत नऊ, उजवीकडे तीन. घुमटाच्या कडेने काइट फिरते तेव्हा ओढ कमी असते. घुमटाच्या मधोमध, तुमच्या नाकासमोर आली की सगळा जोर तिथे. मला सुरूपर्यंत नेलं ते याच जागेने. बारावर काइट स्थिर ठेवता आली, मग दहा आणि दोनच्या मध्ये सावकाश फिरवता आली, मग तिच्याकडे न बघता दोन मिनिटं गप्पा मारता आल्या, की ही पायरी संपली. आठ-दहा दुपारी लागतात. यात घालवलेला वेळ पुढे पैशात परत मिळतो, कारण शिकवणीचा दर तासावर असतो आणि पहिले दोन-तीन तास याच कामात जातात.

४. शिकायला रामेश्वरला जा

आपल्याकडचा खारा वारा सरावाला चांगला, पण तो दिवसाचे तीन-चार तास असतो आणि त्यातही रोज भरवशाचा नाही. शिकताना सलग पाच-सहा दिवस वारा लागतो, नाहीतर आज आलेलं उद्या विसरायला होतं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा भरपूर, पण समुद्र खवळलेला. जून-जुलैत मासेमारी बंद, मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत जलक्रीडा बंद. त्या दिवसांत कोणी कितीही म्हटलं तरी पाण्यात उतरू नका.

तामिळनाडूतलं रामेश्वर हे पांबन बेटावर आहे. उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी, दक्षिणेला मन्नारचं आखात, आणि आग्नेयेला धनुष्कोडीकडे निमुळती होत गेलेली वाळूची जीभ. वर्षातून दोन हंगाम वारा मिळतो: उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा, आणि हिवाळ्यात ईशान्येचा. वारा कुठल्याही बाजूचा असला तरी बेटाच्या एका अंगाला लाटा आणि दुसऱ्या अंगाला उथळ, सपाट पाणी मिळतं. नवशिक्याला कमरेएवढं सपाट पाणी म्हणजे शाळेतला फळा. पडलात तरी उभे राहता येतं, काइट पाण्यात पडली तरी शिक्षक चालत तुमच्यापर्यंत येतो.

जायला कोकण रेल्वेवरून केरळमार्गे तिरुनेलवेलीकडे जाणाऱ्या गाड्या आहेत, तिथून मदुराई किंवा थेट रामेश्वरकडे वळता येतं. विमानाने मदुराई जवळ, पुढे साधारण १७० कि.मी. रस्ता. पांबनचा जुना रेल्वे पूल १९१४चा, त्याच्या शेजारी नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. पूल ओलांडताना खिडकीतून पाण्याकडे बघा, कुठल्या बाजूला फेस आणि कुठल्या बाजूला सपाट ते तिथेच दिसतं.

आमच्या आचऱ्याचं ग्रामदैवत रामेश्वर. मी तिकडे निघालो तेव्हा आजीला वाटलं मी यात्रेलाच चाललोय. "बावीस तीर्थांचा न्हाण चुकवू नको," एवढंच तिने बजावलं. वारा पडलेल्या एका सकाळी देवळातल्या बावीसही तीर्थांवर जाऊन आलो, आणि तिच्यासाठी तिथली वाळू पुडीत बांधून आणली. एखादा दिवस वारा नसणारच. तो असा सत्कारणी लावा.

एक सावधगिरी. धनुष्कोडीपासून श्रीलंकेचा तलैमन्नार जेमतेम ३० कि.मी.वर आहे, आणि मन्नारच्या आखातातली लहान बेटं राष्ट्रीय सागरी उद्यानात येतात. शिक्षक सांगेल त्या हद्दीच्या बाहेर जाऊ नका. तिथल्या तटरक्षकांना तुमची मजा आणि घुसखोरी यांतला फरक लांबून दिसत नाही.

५. शाळा निवडताना हे विचारा

फोनवरच विचारा, लाजू नका.

- एका शिक्षकामागे किती विद्यार्थी? एक उत्तम, दोन चालतील, तीन म्हटलं तर दुसरीकडे फोन लावा.
- शिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का? इंटरनॅशनल काइटबोर्डिंग ऑर्गनायझेशन, म्हणजे आयकेओ, ही २००१ पासूनची संस्था आहे. तिच्या प्रमाणपत्राचे पहिले तीन टप्पे डिस्कव्हरी, इंटरमीजिएट आणि इंडिपेंडंट. काइट भाड्याने घेताना बऱ्याच ठिकाणी हे कार्ड मागतात.
- सुटकेची बोट आहे का? ती किनाऱ्यावर उभी असते की चालू स्थितीत?
- हेल्मेटमध्ये रेडिओ आहे का? शिक्षक कानात बोलू शकला तर शिकणं निम्म्या वेळात होतं, हा माझा अनुभव.
- वारा पडला तर उरलेल्या तासांचं काय? पैसे परत की पुढच्या वेळी तास? उत्तर लेखी मागून घ्या.

मी सगळ्यांत पहिल्यांदा गेलो ती जागा मी निवडली स्वस्त म्हणून. तिथे दुसऱ्याच दिवशी मला फळीवर चढवलं, सुटका कशी करायची ते एकदा तोंडी सांगितलं. दोन दिवसांत पैसे सोडून मी बाहेर पडलो आणि दुसऱ्या शिक्षकाकडे पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. सुटकेचा सराव तुमच्याकडून दहा-दहा वेळा करून न घेणाऱ्या शिक्षकाकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

६. सोबत काय न्यायचं

कागद: आधार कार्ड, प्रवास विम्याची प्रत (साहसी खेळ त्यात धरलेत का ते वाचा), जुनी दुखापत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, घरच्या एका माणसाचा नंबर कागदावर लिहून.

अंगावर: पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा घट्ट सदरा), घट्ट चड्डी, पातळ तळव्याचे पाण्यातले बूट. बूट हवेतच. उथळ पाण्यात कालवं असतात, वागळी वाळूत अंग पुरून बसते, शिंगाळ्याचा काटा पायात गेला तर दिवस संपला. पाय उचलून टाकत चालू नका, वाळूत घासत चाला, म्हणजे वागळी आधीच सरकते.

बाकी: न धुतलं जाणारं सनस्क्रीन, दोरी लावलेला गॉगल, शिट्टी, दोरी कापायची आकडी सुरी, मीठ-साखर पाण्याची पाकिटं. मी घरून कोकमाचं आगळ नेलं होतं, तिथल्या उन्हात त्याचा फार उपयोग झाला. हेल्मेट, इम्पॅक्ट जॅकेट (आपटल्यावर मार कमी करणारं), हार्नेस (कमरेला बांधायचा, काइटची ओढ झेलणारा पट्टा) शाळेत मिळतं. मापाचं आहे का ते आदल्या दिवशी घालून बघा. हार्नेस वर सरकून बरगड्यांत रुतत असेल तर बदलून मागा.

७. शिकवणीचे दिवस कसे जातात

पहिल्यांदा फळीवरून थोडंफार जाता येईपर्यंत बहुतेकांना ९ ते १२ तास लागतात. रोज दोन-अडीच तासांपेक्षा जास्त घेऊ नका, हात दमला की डोकंही चालत नाही.

*सामान ओळखणं.* काइटच्या पुढच्या कडेची जाड नळी आणि आडव्या नळ्या पंपाने फुगवतात. हवा भरलेली असल्यामुळे ती पाण्यात बुडत नाही आणि पाण्यावरून परत उडवता येते. ही कल्पना फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या दोघा लेगेन्यू बंधूंची, १९८४चं पेटंट आहे. आज जगभर वापरतात त्या बहुतेक काइट त्याच घरातल्या. काइटपासून बारपर्यंत चार दोऱ्या, साधारण २० ते २४ मीटर लांब. मधल्या दोन पुढच्या कडेला जातात आणि सगळं वजन झेलतात, बाहेरच्या दोन मागच्या टोकांना जातात आणि दिशा देतात. या अदलाबदल झाल्या तर काइट उडताक्षणी वेडीवाकडी गरगरते. जोडून झाल्यावर बारपासून काइटपर्यंत दोऱ्यांमधून बोटं फिरवत चालत जा. रोज. दहा वर्षं उडवणारी माणसंही चालत जातात.

*सुटका.* बार जवळ ओढला की जोर वाढतो, लांब ढकलला की कमी होतो, सोडला की जवळजवळ संपतो. एवढ्यानेही भागलं नाही तर हार्नेसच्या आकडीपाशी सुटकेची कळ असते, बहुतेक लाल रंगाची. ती पुढे ढकलली की काइट एका दोरीवर लोंबकळत पाण्यात पडते. त्याही पुढे, काइट कशात तरी अडकून तुम्हाला ओढतच असेल तर, सुरक्षा दोरीची दुसरी कळ. ती सुटली की काइट गेली, तुम्ही राहिलात.

माझे शिक्षक हा सराव डोळे मिटून करून घ्यायचे. कमरेएवढ्या पाण्यात उभं करायचे, मध्येच काहीतरी बोलत बोलत खांद्यावर थाप मारायचे, की लगेच कळ ढकलायची. पहिल्या वेळी मला ती शोधायला चार सेकंद लागली. त्यांनी घड्याळ दाखवलं आणि समोरच्या मच्छीमार होडीकडे बोट केलं. वाऱ्याने ओढलं असतं तर चार सेकंदांत मी त्या होडीवर होतो. पुन्हा सगळं जोडलं, पुन्हा थाप. संध्याकाळपर्यंत हात आपोआप जायला लागला. या सगळ्या आठवड्यातला मला सगळ्यांत मोलाचा वाटलेला तास हाच.

*अंगाने ओढून घेणं.* फळीशिवाय, नुसत्या अंगाने, पाण्यावर आडवं पडून काइटला ओढू द्यायचं. आधी वाऱ्याबरोबर. मग एक हात पाण्यात खाली सरळ ताठ धरून, होडीच्या कण्यासारखा, आणि काइट दहा किंवा दोनवर ठेवून तिरपं वाऱ्याच्या वरच्या अंगाला. लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, लवकर फळी द्या म्हणतात. पण पडलात की फळी मागे राहते आणि काइट तुम्हाला पुढे नेते. फळीपर्यंत परत जायला हाच एक मार्ग आहे. फळी पायाला दोरीने बांधायचा मोह टाळा, ताणलेली दोरी तीच फळी परत डोक्यावर आणून मारते.

*स्वतःची सुटका.* वारा पडला, दोरी तुटली, तर कळ सोडून दोऱ्या बारला गुंडाळत काइटपर्यंत जायचं आणि तिलाच तराफा करून किनाऱ्याला यायचं. गुंडाळताना दोरीचा वेढा बोटाला किंवा मनगटाला कधीही घेऊ नका. आणि काइट सोडून पोहत निघू नका. ती तरंगते आणि लांबून दिसते.

*फळीवर उठणं.* बसल्या जागी काइट बारावर, फळी पायात, गुडघे छातीशी. मग ज्या बाजूला जायचं त्या बाजूला काइट झपकन खाली आणायची आणि तिलाच तुम्हाला उचलू द्यायचं. चुका सगळ्यांच्या त्याच: उठताना बार छातीशी ओढणं, पाय एकदम ताठ करणं, फळीकडे बघणं. नजर जिथे जायचं तिथे. मी दोन दिवस नाकातोंडात पाणी घेत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी फळीखालचा पाण्याचा आवाज एकदम बदलला, थपथप होती ती सळसळ झाली, आणि मी वीसेक मीटर गेलो. तो आवाज अजून कानात आहे.

यानंतर वाऱ्याच्या वरच्या अंगाला चालवत परत निघाल्या जागी येता येणं हा टप्पा. तोपर्यंत प्रत्येक फेरीनंतर फळी काखेत घेऊन काठाकाठाने मागे चालत यावं लागतं. सगळ्यांना लागतं. परत येता आल्याशिवाय एकट्याने सराव सुरू करू नका.

८. कोकणात परतल्यावर जागा निवडणं

लांब, रुंद, वाळूचा किनारा हवा. वाऱ्याच्या खालच्या अंगाला किमान शंभर मीटर मोकळं: खडक नको, सुरू-माडाची रांग नको, विजेच्या तारा नकोत, होड्या नकोत, माणसं नकोत. गुहागर, आचरा, वेंगुर्ल्याजवळचा मोचेमाड, शिरोड्याचा वेळागर हे किनारे मी स्वतः चालून बघितलेत. तरी त्यातला कुठला तुकडा कुठल्या भरतीला चालतो ते तुम्ही तिथे दोन दुपारी बसून ठरवा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती सागरी अभयारण्य आहे, पाण्यात खडक आणि वर पर्यटकांच्या होड्या, तिथे नको. तारकर्लीला सुट्टीच्या दिवशी पॅरासेलिंगच्या बोटी आणि पोहणारी पोरं असतात, तिथेही नको.

रापण लागलेली असेल तर त्या बाजूला फिरकू नका. रापणीचे दोर काठापासून आत लांबवर पाण्याखाली असतात, दिसत नाहीत. आणि ती माणसं पोटाचं काम करत असतात, पहिला हक्क त्यांचा. पहिल्या दिवशीच जाऊन रापणीच्या मुकादमाला भेटा, कुठे आणि किती वाजता जाळं ओढणार ते विचारा. आमच्याकडे आता रापणीतलीच दोन पोरं माझी काइट धरतात आणि उतरवून घेतात. त्यांच्याइतकं वाऱ्याचं अचूक सांगणारं ॲप मला अजून मिळालेलं नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल कासवांची घरटी असतात. जाळी लावलेली घरटी दिसली तर तिथून लांब काइट मांडा आणि कासवमित्रांना सांगून ठेवा. ग्रामपंचायत आणि जवळच्या बंदर कार्यालयातही एकदा जाऊन सांगा. स्वतःपुरता सराव वेगळा. पैसे घेऊन दुसऱ्याला शिकवायचं असेल तर महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाची रीतसर परवानगी काढावी लागते.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक धोका. दुपारी तीननंतर सह्याद्रीवर वळवाचा ढग काळा झाला आणि खारा वारा अचानक पडला, की काइट ताबडतोब उतरवा. दहा-पंधरा मिनिटांत वारा उलटा, जमिनीकडून, दुप्पट-तिप्पट जोराने येतो. मी काइट गुंडाळून बॅगेची चेन लावत होतो तेव्हा एकदा तो आला. बॅगच वाळूवरून फरफटत गेली. पाच मिनिटं उशीर केला असता तर काय झालं असतं ते मला नीट माहीत आहे.

९. सामान विकत घेणं

आयकेओच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत, म्हणजे इंडिपेंडंटपर्यंत, शिकून झाल्यावरच. ७० किलोच्या माणसाला १४-१५ नॉटला साधारण १० ते १२ चौरस मीटरची काइट लागते. कोकणातला वारा सौम्य, म्हणून पहिली काइट १२ची घ्या आणि फळी जरा मोठी, १४० सेंटिमीटरच्या आसपास. पावसाआधीच्या जोरदार दिवसांसाठी ९ची नंतर बघा.

जुनं सामान घेतलंत तरी चालेल, पण हातात घेऊन. काइट फुगवून दोन तास तशीच ठेवा, नळी मऊ पडली तर आत गळती आहे. कापड दोन बोटांनी ताणून बघा, उन्हाने मेलेलं कापड कागदासारखं फाटतं. चारही दोऱ्या एका खुंटीला लावून ताणा, लांबी सारखी हवी. आणि सुटकेची कळ भार देऊन सोडून बघा. मिठाने जाम झाली असेल तर तो बार फुकट मिळाला तरी घेऊ नका. शिकाऊ माणसाला पाच-सहा वर्षांपेक्षा जुना बार कोणी देत असेल तरी मी नको म्हणेन.

१०. पाण्यात उतरण्यापूर्वी, रोज

काइट धरायला माहीतगार माणूस असल्याशिवाय उडवू नका. तो पुढच्या कडेला मधोमध धरतो, दोऱ्या ताणल्या की तुम्ही अंगठा दाखवता, मगच तो सोडतो. वर फेकत नाही. उतरायचं असेल तर स्वतःच्या डोक्यावर थाप मारा, ही खूण सगळीकडे चालते.

पाण्यावर दुसरा काइटवाला समोरून आला तर उजवा हात पुढे करून जाणाऱ्याचा हक्क पहिला. दोघे जवळून जाताना वाऱ्याच्या वरच्या अंगाच्याने काइट वर घ्यायची, खालच्या अंगाच्याने खाली. पाण्यात शिरणाऱ्याला बाहेर येणाऱ्याने वाट द्यायची.

किनाऱ्यावरच्या एका माणसाला तुमची परतायची वेळ सांगून ठेवा, आणि हे दोन नंबर त्याच्या मोबाइलमध्ये स्वतः घालून द्या: ११२, आणि तटरक्षक दलाचा १५५४. किनाऱ्यापासून तुम्ही पोहून परत येऊ शकाल तेवढंच आत जा. दिवस बुडायच्या तासभर आधी बाहेर. खारा वारा संध्याकाळी सांगून मरत नाही.

घरी आलात की बार, दोऱ्या आणि कळ विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवा. कळ पाण्याखाली धरून चार-पाच वेळा उघडझाप करा, आत अडकलेली वाळू करकर वाजते ती थांबेपर्यंत. काइट सावलीत वाळवा, पडवीत आडव्या दोरीवर टाकली तरी चालते, उन्हात नको. ओली काइट बॅगेत दोन दिवस राहिली तर बुरशी धरते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत दोन दिवसही लागत नाहीत.